बुजलेल्या वाटांचा तलाव

1997 साली बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये जमिनीखालून एक देऊळ वर आलं. काडू मल्लेश्वराच्या मंदिरासमोर, रस्त्याच्या पलीकडे एक मोकळा भूखंड होता. तो खणला तेव्हा मातीखाली दगडी खांब, पायऱ्या, चौकोनी कुंड आणि दक्षिणेकडे तोंड केलेला नंदी सापडला. नंदीच्या मुखातून पाणी येत होतं. ते खालच्या शिवलिंगावर पडून कल्याणीत, म्हणजे पायऱ्यांच्या कुंडात, उतरत होतं. आज लोक त्याला नंदीतीर्थ म्हणतात. वर शहर वाढत होतं, रस्ते पक्के होत होते, आणि खाली मातीच्या थराआड हा झरा वाहत राहिला होता.

त्याच वर्षी समुद्रापलीकडे बोर्निओ बेटावर जमीन पेटली. झाडं पेटली होतीच, पण त्यांच्याखालची जमीनही महिनोन्‌महिने धुमसत होती. इंडोनेशियाच्या मध्य कालिमंतान प्रांतात सरकारने 1995 साली दहा लाख हेक्टर दलदलीवर भातशेती करायचं ठरवलं होतं. त्यासाठी चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खणले. दलदलीतलं पाणी कालव्यांतून नदीला गेलं आणि मागे उरली कोरडी, काळी, कापसासारखी भुसभुशीत माती. 1997 मध्ये पाऊस लांबला आणि ती माती पेटली. त्या एका वर्षात इंडोनेशियातल्या आगींतून 81 कोटी ते 257 कोटी टन कार्बन हवेत गेला, असा अंदाज शास्त्रज्ञांनी पुढे मांडला. जगभर कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला जितका कार्बन तेव्हा हवेत जात होता, त्याच्या 13 ते 40 टक्के एवढा हा आकडा आहे.

मल्लेश्वरममध्ये ओलीवर माती लोटली गेली होती. कालिमंतानमध्ये मातीतली ओल काढून घेतली गेली. दोन्हीकडे माणसाने पाण्याच्या वाटेत हात घातला होता, आणि दोन्हीकडे आता ते निस्तरायचं आहे. बेंगळुरूच्या तलावांची गोष्ट त्या पेटत्या दलदलीशेजारी ठेवून पाहिली तर अधिक नीट कळते.

कालिमंतानच्या त्या काळ्या मातीला पीट म्हणतात. कायम पाण्याखाली असलेल्या जागी गवत, शेवाळ, पानं, मुळं मरून पडतात, पण हवा न मिळाल्याने पुरती कुजत नाहीत. वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर असा हा थर हजारो वर्षं चढत जातो. जगाच्या जमिनीपैकी सुमारे 3 टक्के भागावरच पीट आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून जितका कार्बन आहे त्याहून अधिक त्यात साठलेला आहे. पाणी आहे तोवर तो तिथे राहतो. पाणी काढलं की कुजणं सुरू होतं आणि साठा हवेत जाऊ लागतो.

मल्लेश्वरममध्ये पीट नाही. पण भारतातल्या पीटचं एक महत्त्वाचं वाचन मल्लेश्वरमला लागून असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत झालं. या संस्थेत माधव गाडगीळ यांनी 1983 च्या सुमारास परिसर विज्ञान केंद्र उभं केलं. पुण्याच्या या माणसाचं कामाचं आयुष्य बरंचसं याच परिसरात गेलं. त्याच केंद्रातले रामन सुकुमार आणि त्यांचे सहकारी निलगिरीच्या माथ्यावर गेले. तिथे दोन हजार मीटरच्या वर, शोला जंगलं आणि गवताळ टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागी पीटचे थर आहेत. त्या थरांतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून त्यांनी गेल्या वीस हजार वर्षांचा पावसाचा हिशेब मांडला. कोरड्या काळात गवत वाढतं, ओल्या काळात वेगळ्या वनस्पती, आणि दोन्हींच्या कार्बनची खूण वेगवेगळी असते. 1993 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ते संशोधन आलं. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मॉन्सून जोरात होता आणि पुढे कोरडा काळ आला, हे त्या काळ्या चिखलाने सांगितलं. निलगिरीत बाभळीच्या जातीची वॅटलची झाडं, निलगिरीची (युकॅलिप्टस) झाडं आणि चहा यांनी अशा कितीतरी ओल्या जागा सुकवल्या आहेत. एक जागा सुकते तेव्हा पावसाची वीस हजार वर्षांची वहीही फाटते.

काळाची नोंद ठेवणारी दुसरी वही मल्लेश्वरममध्येच, काडू मल्लेश्वराच्या परिसरात, दगडात कोरलेली आहे. तो शिलालेख 1669 सालचा आहे. मल्लपुरच्या मल्लिकार्जुन देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याचं त्यात नोंदलेलं आहे. दान देणारा एकोजी, म्हणजे व्यंकोजी भोसले, शहाजीराजे आणि तुकाबाई मोहिते यांचा मुलगा, शिवाजी महाराजांचा सावत्र भाऊ. मंदिर उभारल्याचं श्रेयही परंपरेने त्यालाच दिलं जातं. मराठी वाचकाला बेंगळुरू म्हटलं की शहाजीराजांची जहागीर आठवते. 1638 मध्ये आदिलशाहीचा सेनापती रणदुल्लाखान याने केंपेगौडांच्या वंशजाकडून बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांकडे आलं. 1664 मध्ये शहाजीराजे होदिगेरेला वारले. व्यंकोजी पुढे तंजावरला गेला आणि 1687 मध्ये बेंगळुरू म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांनी तीन लाख रुपयांना घेतलं. भोसल्यांची सुमारे पन्नास वर्षांची सत्ता संपली. दगड राहिला आणि देव राहिला. कन्नडमध्ये 'काडू' म्हणजे रान. रानातला मल्लेश्वर.

रान होतं, कारण तिथे पाणी होतं. पण नदी नव्हती, आणि बेंगळुरूच्या सगळ्या इतिहासाचं मूळ त्यातच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवरच्या या पठारावर बारमाही नदी नाही. पाऊस वर्षाला 970 मिलिमीटरच्या आसपास, तोही ठरावीक महिन्यांत. पडलेलं पाणी चहूबाजूंच्या उतारांनी निघून जातं. त्यामुळे इथल्या लोकांनी उतारावर बांध घातले, एकाखाली एक. वरचा तलाव भरला की जास्तीचं पाणी 'कोडी'वरून, म्हणजे सांडव्यावरून, 'कालुवे'त पडायचं आणि पाटासारखं खालच्या तलावाकडे जायचं. मोठ्या नाल्याला 'राजकालुवे' म्हणत. तलाव म्हणजे 'केरे'. त्याची मोरी उघडणारा, कोणाच्या शेताला किती पाणी द्यायचं ते पाहणारा, बांधावर उंदराचं बीळ पडलं की हाक देणारा माणूस म्हणजे नीरगंटी. खानदेशात फड पद्धतीत पाटकऱ्याचं जे काम, तेच इथे नीरगंटीचं. त्याला पिकातून वाटा मिळे. उन्हाळ्यात तलावाचा तळ उघडा पडला की शेतकरी गाळ काढून शेतात टाकत. तलाव खोल राही आणि शेत कसदार होई.

1864 मध्ये म्हैसूरचा मुख्य अभियंता झालेला रिचर्ड हिराम सँकी या रचनेने थक्क झाला होता. सँकी जन्माने आयरिश, मद्रास इंजिनिअर्सचा अधिकारी. बेंगळुरूतली अठरा कचेरी आणि कब्बन पार्क त्याच्याच काळातले. म्हैसूर प्रांताचा सुमारे 60 टक्के भाग लोकांनी पिढ्यानपिढ्यांच्या कष्टाने तलावांखाली आणला आहे आणि नवा तलाव कुठे बांधावा याची जागा शोधायलाच आता चातुर्य लागेल, असं त्याने लिहून ठेवलं. इथे नवा बांध घातला की खालच्या कोणाचं तरी पाणी अडतं, हे त्याला कळलं होतं. तलाव सुटा नसतो, ती साखळीतली कडी असते. पुढे जे झालं ते पाहता सँकीचं हे निरीक्षण त्याने बांधलेल्या कोणत्याही इमारतीपेक्षा मोलाचं होतं.

मग दुष्काळ आला. 1876 ते 1878. दख्खन, म्हैसूर, मद्रास, सगळीकडे एकाच वेळी. सोलापूर-नगरकडून माणसं पोटासाठी बाहेर पडली तो हाच काळ. पुणे जिल्ह्यात सत्यशोधकांनी अन्नछत्र चालवलं तेही याच काळात. म्हैसूर प्रांताची लोकसंख्या 1871 च्या गणतीत 50 लाख 55 हजार होती. 1881 च्या गणतीत ती 41 लाख 86 हजार निघाली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी साडेआठ लाखांहून अधिक माणसं कमी झाली होती.

त्या दुष्काळाच्या धक्क्यातून मल्लेश्वरमचा तलाव जन्मला. 1881 मध्ये म्हैसूरचं राज्य पन्नास वर्षांच्या ब्रिटिश कारभारानंतर वोडेयर घराण्याकडे परत आलं, आणि 1882 मध्ये सँकी तलाव तयार झाला. धर्मांबुधी तलावावर पेठेची तहान भागत असे, मिलर तलावावर छावणीची. पुन्हा दुष्काळ पडला तर या दोघांना वरून आधार मिळावा म्हणून सँकी तलाव त्यांच्याशी जोडला गेला. पाणलोट जेमतेम सव्वा चौरस किलोमीटरचा, पाण्याचा पसारा सुमारे 37 एकरांचा. जवळ सरकारी चंदनाची कोठी होती, म्हणून लोक त्याला 'गंधदकोटी केरे' म्हणू लागले. सरकारी कागदावर नाव सँकीचं आणि लोकांच्या तोंडी चंदनाचं.

योगायोग असा की 1883 मध्ये इकडे पुण्यात जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरं करत होते. डोंगराळ भागात ठिकठिकाणी ताली-बंधारे घालावेत, पावसाचं पाणी शेतात मुरावं, तलाव दुरुस्त करावेत, फौजेचे आणि पोलिसांचे रिकामे हात या कामाला लावावेत, असं त्यांनी त्यात सुचवलं. मुख्य अभियंता आणि शेतकऱ्यांचा कैवारी, दोघांच्या जगांत काहीच साम्य नाही. पण पाणी वरच धरायचं, थांबवायचं, मुरवायचं, हे दोघांनाही दिसलं होतं.

हे शहाणपण शहराने फार काळ बाळगलं नाही.

1894 मध्ये दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात अर्कावती नदीवर हेसरघट्टाची पाणीयोजना सुरू झाली आणि दोनेक वर्षांत नळाचं पाणी शहरात आलं. 1898 मध्ये प्लेग आला. दाट पेठेतून माणसं बाहेर काढायला हवी होती. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या नव्या वसाहतींची आखणी आधीच झालेली होती, आता त्या भराभर वसल्या. रुंद रस्ते, घरांमागे सफाईच्या बोळी, क्रमांकाने ओळखले जाणारे क्रॉस. माणसं मोकळ्या हवेत राहायला आली हे चांगलंच झालं. पण नळ आल्याबरोबर तलावाकडे बघायची गरज उरली नाही. नीरगंटी गेला, गाळ काढणारा शेतकरी गेला, आणि तलाव शहराच्या नजरेत पाण्याचा साठा न राहता मोकळी जागा ठरला. शहराला मोकळी जागा नेहमीच हवी असते.

धर्मांबुधीच्या तळावर आज केंपेगौडा बसस्थानक आहे. महाराष्ट्रातून रात्रभर प्रवास करून येणारी बस जिथे थांबते, तिथे एके काळी अख्ख्या पेठेचं पाणी होतं. मिलर तलाव सभागृहं आणि इस्पितळांखाली गेला. 'मिलर टँक बंड रोड' या नावात तेवढा बांध उरला. संपंगी तलावाच्या काठी तिगळ समाजाचे माळी भाजीपाला पिकवत आणि करग उत्सवाचे विधीही तिथे होत. तिथे आता कांतीरवा स्टेडियम आहे. विज्ञान संस्थेतल्या टी. व्ही. रामचंद्र यांच्या गटाने उपग्रहचित्रांवरून केलेल्या अभ्यासानुसार 1973 नंतरच्या चारेक दशकांत बेंगळुरूतलं पाण्याखालचं क्षेत्र सुमारे 79 टक्क्यांनी घटलं.

सँकी तलावाची भावंडं गेली, तो राहिला. एका बाजूला चंदनाची कोठी आणि वनखात्याच्या जागा, जवळच राजवाड्याची बाग असलेला भाग (आजचं सदाशिवनगर), थोडं पुढे विज्ञान संस्थेची 371 एकर जमीन. मल्लेश्वरमच्या 18व्या क्रॉसवर आजही अरण्य भवन आणि लाकूडविज्ञान संस्था आहे. वनखात्याच्या शेजारामुळे तलावावर हात टाकणं इतरांपेक्षा अवघड गेलं असावं, असा तर्क करायला जागा आहे. दुसरं कारण शेजारची वस्ती. तिथल्या लोकांना तक्रार कुठे करायची ते ठाऊक होतं आणि त्यांची तक्रार ऐकली जात होती. गरीब वस्तीशेजारचे तलाव असे वाचले नाहीत. तलाव वाचवण्याच्या इतिहासात ही विषमता स्पष्ट लिहिली पाहिजे.

पण वाचणं म्हणजे निरोगी राहणं नव्हे. शहराला कावेरी मिळाली. 1974 मध्ये पहिला टप्पा आला, आणि आज हे पाणी शंभर किलोमीटरवरून तीन ठिकाणी पंप लावून वर चढवलं जातं. जितकं पाणी येतं त्याचा मोठा भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो. सांडपाण्याला वाट हवी असते, आणि राजकालुवे तयारच होते. पावसाच्या पाण्याची वाट मैल्याची वाट झाली. मार्च 2016 मध्ये उलसूर तलावात हजारो मासे मेले. बेळ्ळंदूर तलावावर फेस चढला आणि 2015 पासून त्या फेसाला, तिथल्या गवताला आग लागल्याच्या बातम्या आल्या. पेटलेलं पाणी. कालिमंतानमध्ये पेटलेल्या जमिनीपासून बेंगळुरू फार दूर नव्हतं.

1980 च्या दशकात सरकारने लक्ष्मण राव समिती नेमली. उरलेले तलाव बुजवू नयेत, त्यांच्यात सांडपाणी जाऊ देऊ नये, असं तिने सांगितलं आणि सरकारने ते 1988 मध्ये स्वीकारलं. 2002 मध्ये तलाव विकास प्राधिकरण आलं. त्याने हेब्बाळ, नागवारा यांसारखे तलाव भाडेपट्ट्याने खासगी कंपन्यांना दिले. काठावर कुंपण आणि तिकीट आलं, आणि गुरं, कोळी, चारा कापणाऱ्या बायका बाहेर गेल्या. 2008 मध्ये एन्व्हायर्नमेंट सपोर्ट ग्रुप या संस्थेने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायमूर्ती एन. के. पाटील यांच्या समितीने अहवाल दिला आणि 2012 मध्ये न्यायालयाने तलाव लोकांसाठी राखण्याचा आदेश दिला. तलावाभोवती किती मोकळी जागा सोडायची हा वाद दिल्लीपर्यंत गेला. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये 75 मीटर सांगितलं. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि शहर आराखड्यातले जुने 30 मीटर कायम राहिले.

या सगळ्यात सँकी तलावाचंही पुनरुज्जीवन झालं. सांडपाणी वळवलं, गाळ काढला, काठाला दगड लावले, चालायला फरसबंद वाट केली, बागा केल्या, कठडे लावले. गणेश विसर्जनासाठी बाजूला वेगळं कुंड बांधलं. हे शेवटचं काम खरोखर शहाणपणाचं होतं. मूर्तींचा रंग आणि माती मुख्य पाण्यात जात नाही आणि उत्सवही तलावाजवळच राहतो. आज सकाळी काठावर माणसांची रांग असते, पाण्यात पाणकावळे पंख वाळवत बसतात, बगळे आणि खंड्या दिसतात.

तरी एक उणीव राहते, आणि ती सँकीपुरती नाही. बेंगळुरूत तलाव 'विकसित' करताना तो बशीसारखा न ठेवता वाडग्यासारखा खणला जातो. काठ उभे, तळ खोल, भोवती दगड. बघायला पाणी भरपूर दिसतं. पण पाणथळ जागेचा जीव तिच्या उथळ काठात असतो. तिथे लव्हाळी आणि पाणकणीस वाढतं, मासे अंडी घालतात, पाणकोंबडी घरटं करते, आणि तीच झाडं पाण्यातलं नत्र-स्फुरद शोषून पाणी निवळतात. उभ्या दगडी काठाला ओला काठ नसतो. फिरायला वाट मिळाली, पक्ष्यांचं स्वयंपाकघर गेलं.

आणि रस्त्याचा प्रश्न काही सुटला नाही. 2011 च्या सुमारास सँकी रोड रुंद करायला झाडं तोडली गेली, तेव्हा रहिवासी रस्त्यावर आले. पुढे तलावाच्या काठानेच उड्डाणपुलाची योजना आली. फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा लोक उतरले. आजी-आजोबा होते, शाळेतली मुलं फलक घेऊन होती. उड्डाणपूल झाला नाही. मल्लेश्वरमच्या लोकांनी तलाव दोनदा राखला, हे त्यांच्या श्रेयाला लिहायला हवं.

नंदीतीर्थाचं मात्र तसं झालं नाही. ते सापडलं, पूजा सुरू झाली, पण त्या पाण्याचा पुढचा प्रवास कोणी राखला नाही. वृषभावती नदीचा एक उगम बसवनगुडीच्या नंदीपाशी सांगतात, दुसरा मल्लेश्वरमच्या या नंदीपाशी. वृषभ म्हणजे बैल, म्हणून वृषभावती. या नदीच्या काठी म्हैसूर रस्त्यावर गाळी आंजनेयाचं जुनं मंदिर आहे. आता तिथून जाताना रुमाल नाकाला जातो. शहराच्या पश्चिम भागाचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी घेऊन ती केंगेरीवरून पूर्वीच्या रामनगर जिल्ह्यातल्या भैरमंगल जलाशयात जाते, पुढे अर्कावतीला आणि अर्कावतीबरोबर कावेरीला मिळते. भैरमंगलच्या आसपासचे शेतकरी हेच पाणी पिकाला देतात. कावेरीहून पंपांनी चढवून आणलेलं पाणी शहर वापरतं आणि मैला करून त्याच कावेरीकडे परत पाठवतं.

पुन्हा एकदा बोर्निओकडे वळायला हवं. 2015 मध्ये इंडोनेशियात तशाच भयंकर आगी लागल्या. जानेवारी 2016 मध्ये तिथल्या सरकारने पीट पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र संस्था नेमली आणि 20 लाख हेक्टरचं उद्दिष्ट दिलं. कामाच्या पायऱ्या तीन: जमीन पुन्हा ओली करायची, तिथली झाडं पुन्हा लावायची, आणि तिथल्या माणसांना ओल्या जमिनीवरच पोट भरेल असा धंदा द्यायचा. पहिल्या पायरीसाठी कालव्यांत लाकडी बांध घालतात, म्हणजे पाणी पळत नाही आणि जमिनीतली ओल वर चढते. पण कालवे खणून वीस वर्षं झाली होती आणि गावकऱ्यांच्या होड्या त्यांतूनच जाऊ लागल्या होत्या. काही ठिकाणी बांध फोडले गेले. मग होडी पलीकडे जाईल एवढी वाट मधोमध ठेवून बांध घालण्याचे प्रयोग झाले. जिथे गावाला विचारलं तिथे बांध टिकण्याची आशा अधिक.

कालिमंतानमध्ये माणसाने खणलेल्या वाटा बुजवायच्या आहेत. बेंगळुरूत बुजवलेल्या वाटा उघडायच्या आहेत. कृती उलटी, पण नियम एकच: पाणथळ जागा वाचवायची तर आधी पाणी येण्या-जाण्याच्या वाटा बघायच्या, काठाची रंगरंगोटी मागून.

हे होऊ शकतं, याचा पुरावा बेंगळुरूतच आहे. शहराच्या उत्तरेला जक्कूर तलाव, सुमारे 160 एकरांचा. वरच्या अंगाला पाणीपुरवठा मंडळाचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे. तिथून निघालेलं पाणी थेट तलावात सोडत नाहीत. आधी ते पाणकणसाच्या दलदलीतून फिरवलं जातं. झाडांची मुळं उरलेलं नत्र आणि स्फुरद घेतात आणि मग पाणी तलावात उतरतं. तलावात मासेमारी चालते, काठावरून चारा कापून नेला जातो, पक्षी येतात आणि भोवतीच्या विहिरींना पाणी राहतं. तिथेही अडचणी येतात, शुद्धीकरण चुकलं की तलाव लगेच बिघडतो. पण रचना बरोबर आहे, कारण तिच्यात येणारं पाणी, झाडं आणि माणसं तिघांनाही जागा आहे.

महाराष्ट्रातही हे काम लोकांनी करून दाखवलं आहे. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत बेशरम ही तणवनस्पती माजली आणि मासे कमी झाले, तेव्हा ढिवर समाजाच्या बायका-पुरुषांनी बेशरम उपटली, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती परत लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे त्यांना पिढ्यांपासून ठाऊक होतं. मासे परतले, पक्षी मागोमाग आले. तिकडे सिंधुदुर्गात दोडामार्गजवळ हेवाळे-बांबर्डे इथे गोड्या पाण्याची दलदल आणि तिच्यातलं रानजायफळाचं जंगल देवराईने राखलं. ते अडीच हेक्टरच्या आसपासच आहे, पण आज त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा आहे. रानातला देव आणि त्याच्या पायाशी पाणी. काडू मल्लेश्वराचं मूळ रूप कसं असेल, ते बांबर्ड्याला गेलं की थोडं कळतं.

2024 च्या मार्चमध्ये बेंगळुरूत टँकरच्या रांगा लागल्या. महानगराच्या सरकारी बोअरवेलपैकी जवळपास निम्म्या आटल्याचं सरकारनेच सांगितलं. ज्या शहराने शतकानुशतकं नदीविना दिवस काढले, त्याला नदी आणूनही पाणी पुरलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि दिवसाला 775 दशलक्ष लिटर पाणी वाढलं. ते लागणारच होतं. पण 1882 मध्ये सव्वा चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून जे जमवलं जात होतं, ते आज गटारातून जातं, आणि त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

महसुली गावनकाशांत जुने कालुवे आजही रेघांनी दाखवलेले आहेत. सँकी तलावावरचा पुढचा रुपया त्या रेघा जमिनीवर शोधण्यात जायला हवा: पाणलोटातल्या कोणत्या गच्चीचं, कोणत्या मैदानाचं पावसाचं पाणी स्वच्छ वाटेने तलावापर्यंत आणता येईल, आणि काठाचा कोणता भाग दगड काढून पुन्हा उथळ, चिखलाचा, लव्हाळ्यांचा करता येईल. वनखातं शेजारी आहे, विज्ञान संस्था शेजारी आहे, आणि रस्त्यावर उतरणारे रहिवासी तर आहेतच. इतकं एका ठिकाणी असलेला दुसरा तलाव देशात क्वचितच सापडेल.

मराठी वाचक मल्लेश्वरमला गेला तर त्याने व्यंकोजीचा शिलालेख जरूर पाहावा आणि समोरच्या नंदीतीर्थाच्या पायऱ्या उतराव्यात. मग सँकी तलावावर जाऊन पाणी कोणत्या बाजूने आत येतं ते शोधावं. आणि घरी परतल्यावर आपल्या गावच्या तलावाच्या सुशोभीकरणाचा ठराव ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत येण्याआधी उभं राहून विचारावं: या तलावात पाणी येण्याची वाट गावनकाशावर कुठे आहे, आणि आज तिच्यावर काय बांधलं आहे?